पहिल्या मळ्याला सल्ला कोणाचा घ्यावा?

(नाशिक जिल्ह्यांतील एका खेड्यांत शेतकरी व कारागीर कुटुंबांच्या बैठकींत गांवच्या शिक्षकानें केलेलें भाषण)

आज मला भाजीपाल्यावर बोलण्यास सांगितलें आहे. मी शेतकी कॉलेजांतला पंडित नाहीं. प्राथमिक शाळेचा मास्तर आहें. पण शाळेच्या परसांत मुलांच्या दुपारच्या जेवणासाठीं आम्ही मेथी, पालक, वांगीं लावतों. शिवाय गांवांतलीं माणसें कागद वाचून घ्यायला माझ्याकडे येतात. बियाण्याच्या पुडीवरचा मजकूर, औषधाच्या बाटलीवरची चिठ्ठी, दुकानाचें बिल, हें सारें वाचतां वाचतां एक गोष्ट माझ्या ध्यानांत आली. नव्या माणसाचें नुकसान जसें किडीनें होतें, तसेंच तें चुकीच्या सल्ल्यानेंही होतें. आणि कीड डोळ्यांना दिसते, सल्ल्याची खोट दिसत नाहीं. म्हणून भाजी कशी लावावी याऐवजीं, ती कशी लावावी हें विचारावें कोणाला, यावरच मी बोलणार आहें.

आपल्यापैकीं पुष्कळांच्या घरांत जमीन पहिल्यांदांच आली आहे. कर्मवीर दादासाहेब गायकवाड आपल्याच जिल्ह्यांतले, दिंडोरी तालुक्यांतील आंबे गांवचे. भूमिहीनांना जमीन मिळावी म्हणून १९५९ व १९६४ सालीं जे सत्याग्रह झाले त्यांचे ते पुढारी. त्यांच्या नांवाची सरकारी योजना २००४ पासून आहे. तींत अनुसूचित जातीच्या व नवबौद्ध भूमिहीन कुटुंबाला चार एकर जिरायत किंवा दोन एकर बागाईत देण्याची तरतूद आहे. पश्चिमेकडे पेठ, सुरगाणा, कळवण या भागांत २००६ च्या वनहक्क कायद्याखालीं आदिवासी कुटुंबांना पट्टे मिळाले. ज्यांना मिळाले नव्हते अशीं हजारों माणसें मार्च २०१८ मध्यें नाशिकहून मुंबईपर्यंत पायीं चालत गेलीं, हें तुम्हांला आठवत असेल. आणि ज्याच्याजवळ एकर नाहीं, अशा आमच्या कुंभार, सुतार, लोहार बांधवाच्याही घरामागें गुंठा-दोन गुंठे परस असतोच.

जमीन सातबाऱ्यावर चढते. पण जमिनीचें ज्ञान सातबाऱ्यावर उतरून येत नाहीं. दुसऱ्याच्या मळ्यांत खुरपणारा हात कांहीं कमी कसबी नसतो. तुम्ही खुरपलें, तोडलें, गोण्या भरल्या. पण काय लावावें, कधीं लावावें, पाणी किती द्यावें, हें ठरविण्याचें काम मालकानें आपल्या हातीं ठेविलें होतें. तें ठरविण्याची पाळी आतां तुमच्यावर आली आहे. म्हणून तुम्ही सल्ला विचारतां, आणि विचारणें यांत कसलाही कमीपणा नाहीं. प्रश्न एवढाच आहे कीं विचारावें कोणाला?

एका कुटुंबाची गोष्ट सांगतों. नांव सांगत नाहीं, कारण अशीं घरें दहा सांपडतील. नवराबायकोनें सारा जन्म द्राक्षांच्या बागांत मजुरी केली. मग दोन एकर मिळाले. त्यांतल्या वीस गुंठ्यांत वांगीं लावलीं. महिना झाला आणि दुपारच्या वेळीं झाडें माना टाकूं लागलीं. नवऱ्यानें एक पान तोडलें, पिशवींत घातलें आणि बाजारच्या दुकानांत नेऊन दाखविलें. दुकानदारानें पान पाहिलें. माती पाहिली नाहीं, पाण्याचें विचारलें नाहीं. तीन बाटल्या दिल्या आणि वहींत उधारी मांडली. आठ दिवसांनीं आणखी दोन दिल्या. शेवटीं शेजारच्या मळ्यांतली एक म्हातारी आत्या बांधावरून आली. तिनें एक झाड उपटलें, मूळ नाकाशीं धरलें आणि म्हणाली, “बाबा, मुळी कुजली रं. रोज पाणी कशापायी देतोस? काळी जमीन हाय ही. पाणी तोड आन् चर काढ.” चर काढला, पाणी तोडलें, जीं झाडें उरलीं होतीं तीं वांचलीं. आत्याच्या सल्ल्याला दमडी पडली नाहीं. बाटल्यांची उधारी मात्र वांगीं विकून फेडावी लागली.

यावरून सगळे दुकानदार लबाड आहेत असें मी म्हणत नाहीं. त्यांतही जाणते व सरळ लोक आहेत. पण हलवायाला उपासाचें विचारलें तर तो पेढाच पुढें करणार! त्याचें पोट विक्रीवर आहे. कांहींही औषध न देतां परत पाठविण्यांत त्याला कांहीं मिळत नाहीं. त्यांत पुन्हा जो सल्ला देतो तोच उधारीही देतो. पूर्वीं सावकाराचें कर्ज आणि मुहूर्त सांगणाऱ्याचें पंचांग हीं दोन वेगवेगळ्या हातांत तरी होतीं. आतां कर्ज आणि उपदेश एकाच हातांतून मिळूं लागला, तर सावध कोणी व्हायचें? आपणच.

म्हणून सल्ला कोणाचाही असो, तो घेण्यापूर्वीं तीन प्रश्न विचारा. पहिला: या माणसाला माझी माती आणि चालू महिना ठाऊक आहे काय? दुसरा: मीं याचें ऐकलें तर याच्या पदरांत काय पडतें? तिसरा: हा जें सांगतो तें यानें स्वतः पिकविलें आहे काय, किंवा मला तें कोठें पिकलेलें पाहतां येईल काय?

पहिला प्रश्न सर्वांत मोठा. आपला जिल्हा एक, पण माती आणि पाऊस एक नाहीं. इगतपुरीस तीन हजार मिलिमीटरांच्या घरांत पाऊस. येवलें-नांदगांवाकडे पांचशें-सहाशेंच्या आसपास. निफाडकडे गोदाकांठची खोल काळी जमीन. पेठ-सुरगाण्याकडे उतारावरची हलकी तांबडी. काळ्या जमिनींत पावसाळ्यांत रोपें टाकायचीं तर गादीवाफा पाहिजे: एक मीटर रुंद, वीतभर उंच, म्हणजे पाणी निथळून जातें. हलक्या जमिनींत पाणी ठरतच नाहीं. तेथें थोडें थोडें आणि वरचेवर पाणी, भरपूर शेणखत आणि वर पालापाचोळ्याचें आच्छादन पाहिजे. निफाडच्या बागाइतदाराचा खरा अनुभवही पेठच्या उतारावर खोटा ठरूं शकतो. यांत निफाडकराची लबाडी नसते, मातीचा फरक असतो.

महिन्याचें उदाहरण आपल्या घरच्या पिकाचेंच घ्या. कांद्यासाठीं आपला जिल्हा देशांत गाजतो. निफाडच्या संशोधन केंद्रांतून एन-५३ हें वाण निघालें. पिंपळगांव बसवंतच्या केंद्रांतून एन-२-४-१ आणि बसवंत-७८० हीं निघालीं. एन-५३ व बसवंत-७८० पावसाळी कांद्याचीं. एन-२-४-१ उन्हाळ कांद्याचें. कांद्याची गांठ धरणें हें दिवसाच्या लांबीवर आणि उष्णतेवर अवलंबून असतें. उन्हाळ कांद्याचें बीं पावसाळ्यांत टाकलें तर पात वाढते, पण गांठ नीट पोसत नाहीं. पावसाळी बीं रब्बींत टाकलें तर जोडकांदे आणि डेंगळे येतात, आणि माल चाळींत टिकत नाहीं. एन-२-४-१ मात्र नीट सुकवून ठेवला तर पांच-सहा महिने राहतो. पाहा, तिन्ही वाणें चांगलीं, तिन्हीं आपल्या जिल्ह्याचीं. पण महिना चुकला कीं चांगलें बींही बुडवितें. म्हणून “हें बीं फार चांगलें आहे” एवढेंच जो सांगतो, त्यानें अर्धाच सल्ला दिला असें समजा. कोणत्या महिन्यांत चांगलें, कोणत्या जमिनींत चांगलें, हें त्याच्याकडून काढून घ्या.

आतां चांगला सल्ला मिळतो कोठें तें सांगतों. पहिलें ठिकाण तुमचा बांध. तुमच्यासारखीच जमीन आणि तुमच्या विहिरीइतकेंच पाणी ज्याला आहे, आणि तरीही ज्याचा मळा हिरवा आहे, त्याच्याकडे जा. त्याच्याकडे बोलण्यापेक्षां पाहायला जा. आणि पुरुषांइतकेंच बायांना विचारा, किंबहुना अगोदर विचारा. बीं निवडणें, खुरपणें, तोडणें आणि बाजारांत पाटी घेऊन बसणें हीं कामें त्यांच्या हातचीं. कोणत्या वाराला कोथिंबिरीला भाव येतो, कोणतें वांगें गिऱ्हाईक उचलतें, हें ती पाटीवालीच सांगेल. शेजारच्या अकोले तालुक्यांतील कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांचें नांव तुम्ही ऐकलें असेल. शाळेची पायरी त्या चढल्या नाहींत. पण गांवठी भाज्यांचीं, वाल-घेवड्यांचीं बियाणीं त्यांनीं जपलीं, वाटलीं, आणि २०२० सालीं त्यांना पद्मश्री जाहीर झाली. विद्या कागदावरच असते असें मानणाऱ्यांनीं हें ध्यानांत ठेवावें.

दुसरें ठिकाण सरकारी व संशोधनाचीं केंद्रें. यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाचें कृषि विज्ञान केंद्र नाशिकला आहे. कांदा-लसणावर काम करणारें राष्ट्रीय बागवानी संशोधन व विकास प्रतिष्ठान १९७७ सालीं आपल्याच जिल्ह्यांत स्थापन झालें. निफाड तालुक्यांत चितेगांव फाट्याला त्याचें केंद्र आहे. राहुरीचें महात्मा फुले कृषि विद्यापीठ दरवर्षीं ‘कृषिदर्शनी’ काढतें. तींत पिकावार वाण, बियाण्याचें प्रमाण, लागणीचा महिना दिलेला असतो. चार घरांनीं मिळून एक प्रत घेतली तरी पुरे. किसान कॉल सेंटर २००४ पासून चालू आहे. १८००-१८०-१५५१ या नंबरावर मराठींत विचारतां येतें आणि पैसे पडत नाहींत. गांवाला नेमलेला कृषि खात्याचा माणूस येत नसेल तर ग्रामसभेंत उभे राहून विचारा. त्याचा पगार आपल्या करांतून जातो. या सर्वांचा मोठा गुण हा कीं बाटली खपली काय, न खपली काय, त्यांच्या पदरांत कांहीं पडत नाहीं. उणीव ही कीं त्यांना तुमचा वाफा दिसत नाहीं. म्हणून त्यांच्याकडे रिकाम्या हातानें जाऊं नका. सबंध झाड मुळासकट न्या, मूठभर माती न्या, आणि पाणी कधीं दिलें, खत काय घातलें, हें लिहून न्या.

मातीची परीक्षाही एकदां करून घ्या. शेतांत नागमोडी चालत सात-आठ ठिकाणीं वीतभर खोल खड्डे घ्या, प्रत्येकांतली थोडी थोडी माती एकत्र मिसळा आणि त्यांतली अर्धा किलो पिशवींत भरा. उकिरड्याजवळची, झाडाखालची, बांधालगतची माती घेऊं नका. मृद आरोग्य पत्रिकेची योजना २०१५ पासून आहे. पत्रिका हातीं आली कीं ती पेटींत न ठेवतां वाचून घ्या; शाळेंतलें तुमचें मूल ती वाचील.

तिसरें ठिकाण आजकालचें, म्हणजे खिशांतला मोबाईल. त्यांत शेतीचे व्हिडिओ पुष्कळ असतात, कांहीं फार उपयोगी असतात. पण पडद्यावरच्या माणसाला तेच तीन प्रश्न लावा. तो कोणत्या जिल्ह्यांतून बोलतो? शेवटीं कोणती पुडी दाखवितो? पीक निघाल्यावर पुन्हा येऊन हिशेब सांगतो काय? लावणीच्या दिवशीं हसणारे पुष्कळ भेटतात; काढणीच्या दिवशीं हिशेब दाखविणारा शोधा.

जगांत इतरांनीं हा प्रश्न कसा सोडविला तेंही पाहूं. इंग्लंडांत कष्टकरी कुटुंबांना भाजीसाठीं जमिनीचे लहान तुकडे भाड्यानें देण्याची चाल जुनी आहे. १९०८ च्या कायद्यानें तें स्थानिक संस्थांचें कर्तव्य ठरलें. नेहमींचा तुकडा नव्वद फूट लांब आणि तीस फूट रुंद, म्हणजे आपले अडीच गुंठे. १९३९ सालीं महायुद्ध सुरू झाल्यावर ज्यांनीं जन्मांत फावडें धरलें नव्हतें अशीं माणसें त्या तुकड्यांवर आलीं. तेव्हां तेथील सरकारनें नुसतें “पिकवा” म्हटलें नाहीं. त्याच मापाच्या तुकड्याचा नकाशा काढून कोणत्या ओळींत काय, कोणत्या महिन्यांत काय, याचीं पत्रकें वांटलीं. तेथलें वेळापत्रक आपल्या हवेला निरुपयोगी आहे, पण रीत घेण्यासारखी आहे: आपल्या वाफ्याचें चित्र काढा आणि त्यावर महिने लिहा.

दुसरा धडा इंडोनेशियाचा. तेथें भातावर औषधांचा इतका मारा झाला कीं तुडतुड्यांना खाणारे कोळी मेले आणि तुडतुडेच माजले. १९८६ सालीं सरकारनें भातावरच्या सत्तावन्न औषधांवर बंदी घातली, आणि १९८९ पासून शेतकऱ्यांच्या शाळा शेतांतच भरूं लागल्या. दर आठवड्याला शेतकरी एकत्र जमत, झाडावरची कीड मोजत, किडीला खाणारे किडेही मोजत, आणि फवारावें कीं नाहीं हें आपणच ठरवीत. आपल्याकडे कृषि खातें शेतीशाळा भरवितें ती याच धर्तीची. तुमच्या गांवीं भरली तर जरूर जा. आणि भरली नाहीं तर आठवड्याला एकदां पांच शेजाऱ्यांनीं मिळून एकेका मळ्यांत फिरायला कोणाची परवानगी लागत नाहीं.

आतां, चांगला सल्लाही डोळे मिटून घेऊं नये. लोक म्हणतात, ऐकावें जनाचें आणि करावें मनाचें. मी म्हणतों, ऐकावें जनाचें आणि पाहावें वाफ्याचें. नवें बीं असो, नवें खत असो, पहिल्या वर्षीं एका वाफ्यांत करून पाहा आणि शेजारचा वाफा नेहमींसारखा ठेवा. आमच्या शाळेंत मुलांनीं धने अख्खे आणि रगडून दोन फांकी केलेले असे दोन वाफ्यांत टाकले. रगडलेल्यांचा वाफा दाट उगवला. हें मीं फळ्यावर लिहून शिकविलें असतें तर मुलें विसरलीं असतीं.

बीं पेरण्यापूर्वीं शंभर दाणे मोजून ओल्या फडक्यांत गुंडाळून ठेवा आणि उगवलेले मोजा. कांद्याचे सत्तर, भेंडीचे पासष्ट एवढे तरी उगवावेत असा बियाण्याचा सरकारी दंडक आहे. कांद्याचें बीं वर्षानंतर मरूं लागतें, म्हणून गेल्या सालचें स्वस्त मिळालें तरी घेऊं नका. प्रमाणित बियाण्याच्या पिशवीला निळी चिठ्ठी असते. ती आणि पावती पीक निघेपर्यंत जपून ठेवा. पावती न देणाऱ्याकडून कांहींही घेऊं नका. तक्रार करायची झाली तर तोच तुमचा साक्षीदार.

औषध घ्यावेंच लागलें तर बाटलीवरचा त्रिकोण पाहा. लाल सर्वांत जहाल, मग पिवळा, मग निळा, मग हिरवा. फवारल्यावर किती दिवस भाजी तोडूं नये तेंही चिठ्ठीवर असतें. ती भाजी आपलींच मुलें खाणार आहेत. त्याआधीं घरचा उपाय करून पाहा: अर्धा किलो निंबोळीचा भुगा रात्रभर पाण्यांत भिजवा, सकाळीं गाळा, थोडा साबण घाला आणि दहा लिटर पाणी करून फवारा. मावा-तुडतुड्यांना याचा चांगला उपयोग होतो.

आणि पहिल्या वर्षीं हांव धरूं नका. दोन-तीन गुंठ्यांवर सुरुवात करा. मेथी, पालक महिन्याभरांत हातीं येतात. कोथिंबीर त्याच्या मागोमाग. भेंडीला दीड महिना, वांगीं-मिरचीला त्याहून जास्त. लवकर येणाऱ्या भाजीवर चूक झाली तर ती स्वस्तांत होते आणि लवकर समजते. आधीं घरच्या ताटांत भाजी येऊं द्या, मग बाजाराचें पाहूं.

शेवटची गोष्ट, आणि ती माझ्या धंद्यांतली आहे. एक वही करा. तारीख, काय पेरलें, बीं कोठून आणलें, पाणी कधीं दिलें, कीड कोणती, खर्च किती, विक्री किती. आणि एक रकाना असा ठेवा: सल्ला कोणाचा, आणि त्याचें फळ काय. दोन हंगामांत तो रकानाच सांगेल कीं गांवांत कोणाचें ऐकावें आणि कोणाला नुसता रामराम करावा. आईबापांना लिहितां येत नसेल तर पोरानें लिहावें. आठ वर्षांची पोर शाळेंत निबंध लिहिते, ती घरीं चार ओळी लिहूं शकते. आणि त्या चार ओळी तिच्या कोणत्याही निबंधापेक्षां मोलाच्या आहेत.

जोतीराव फुल्यांनीं १८८३ सालीं ‘शेतकऱ्याचा असूड’ पुरा केला. त्यांत शेतकऱ्याच्या दैन्याचें वर्णन आहे तसे उपायही आहेत. शेतमालाचीं प्रदर्शनें भरवावीं, औतकामाच्या परीक्षा घ्याव्या, चांगलें काम करणाऱ्या शेतकऱ्यांस बक्षिसें द्यावीं, असें त्यांनीं सरकारला सुचविलें. कष्टकऱ्याच्या हातांत विद्या आहे, ती ओळखली पाहिजे आणि वाढविली पाहिजे, हा त्याचा अर्थ. ती विद्या आजवर कोणीं लिहून ठेविली नाहीं म्हणून आत्याबाईबरोबर ती मसणांत जाते, आणि नातवाला पुन्हा दुकानाच्या पायरीपासून सुरुवात करावी लागते.

तेव्हां बंधुभगिनींनो, या हंगामांत दोन गुंठे आणि एक वही एवढाच संकल्प करून घरीं जा. दोन वर्षांनीं या गांवांत आणखी कोणाच्या नांवावर पहिली जमीन चढेल. तो माणूस विचारीत विचारीत येईल, तेव्हां त्याला दुकानाचा रस्ता दाखवूं नका. तुमचा वाफा दाखवा आणि तुमची वही त्याच्या हातांत द्या.